सर्व्हर रूमची तब्येत कशी ओळखायची? (दहावीच्या ‘उष्णता’ पाठाला जोडून)



“सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. बँकेत, रेशन दुकानात, सेतू केंद्रात, आणि निकालाच्या दिवशी तर घराघरात. मुलांना एकदा विचारून बघा, सर्व्हर डाऊन म्हणजे नेमकं काय झालं? “नेट गेलं” किंवा “लोड आला” अशी दोनच उत्तरं येतात. दोन्ही कधीकधी बरोबरही असतात. पण तिसरं एक कारण मुलांच्या डोळ्यांसमोर येत नाही, कारण सर्व्हर ही त्यांना हवेत कुठेतरी असलेली गोष्ट वाटते. ‘क्लाउड’ या शब्दाने तर त्यात भरच घातली आहे.

सर्व्हर ही एक वस्तू आहे. लोखंडी पेटी. तिच्यात पंखे फिरतात, डिस्क झिजते, धूळ बसते, आणि ती चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस तापत असते. ती ज्या खोलीत ठेवली आहे तिथला एसी बंद पडला, की पुढचं सगळं मिनिटांत घडतं. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टी आधी सूचना देऊन घडतात. ती सूचना वाचायची कशी आणि वाचली जात का नाही, हा आजचा विषय. दहावीच्या विज्ञान भाग १ मधला ‘उष्णता’ हा पाठ शिकवताना विशिष्ट उष्माधारकता, अप्रकट उष्मा आणि दवबिंदू या तिन्ही संकल्पनांना यात एकेक खरं उदाहरण मिळतं. दोन तासिकांत आरामात बसतं.

लंडनमध्ये एका उन्हाळी दिवशी

१९ जुलै २०२२. इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात कोनिंग्सबी या ठिकाणी ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. ब्रिटनमध्ये पारा चाळीसच्या वर गेल्याचा हा पहिलाच दिवस. चंद्रपूर-अकोल्याच्या मुलांना यात काहीच विशेष वाटणार नाही, पण जी यंत्रं थंड हवेचा हिशोब धरून बसवलेली असतात त्यांना फार विशेष वाटतं.

त्या दिवशी लंडनमधल्या गाय्ज आणि सेंट थॉमस या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांची डेटा सेंटर बंद पडली. थंड करणारी यंत्रणा उन्हापुढे टिकली नाही आणि सर्व्हर तापले. दोन ठिकाणी डेटा सेंटर आहेत म्हणजे एकाला काही झालं तर दुसरं आहे, असा आपला साधा हिशोब असतो. पण दोन्ही एकाच शहरात, एकाच उन्हात होती. एकाच दिवशी दोन्ही गेली.

परिणाम काय झाला? रुग्णालयाच्या ३७१ संगणक प्रणालींना फटका बसला. डॉक्टरांना रुग्णाचा जुना इतिहास, तपासण्यांचे अहवाल पडद्यावर दिसेनात. नर्स, डॉक्टर कागद-पेन घेऊन कामाला लागले. शस्त्रक्रिया आणि भेटीच्या वेळा पुढे ढकलाव्या लागल्या. सगळं पूर्ववत व्हायला काही आठवडे गेले, आणि रुग्णालयाच्या स्वतःच्या चौकशी अहवालात थेट खर्च सुमारे १४ लाख पाउंड धरला आहे.

वर्गात इथे थोडं थांबावं. ज्या मुलांच्या घरी कोणी आजारी आहे त्यांना ‘अहवाल दिसेनात’ याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आता प्रश्न असा, की बाहेर ऊन वाढलं तर आतला एसी का हरतो? एसी थंडी ‘तयार’ करत नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. बाहेरच्या युनिटमधली जाळी बाहेरच्या हवेपेक्षा जास्त गरम असेल तरच उष्णता तिच्यातून बाहेर जाईल, कारण उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते. बाहेर ३० अंश असताना हे सोपं. बाहेर ४५ असताना कॉम्प्रेसरला फार जोर लावावा लागतो, त्याची क्षमता घटते, आणि एका मर्यादेनंतर तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. म्हणजे ज्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच दिवशी तो सगळ्यात कमजोर. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर, भर उन्हात, दोन-तीन युनिटं एकमेकांच्या तोंडाशी बसवलेली दिसतात. एकाने सोडलेली गरम हवा दुसरं ओढतं. तो फोटो काढून वर्गात दाखवा, मुलं चूक लगेच ओळखतात.

सोळा सेकंदांचं गणित

फळ्यावर एक खोली काढा. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ३ मीटर. आकारमान २७ घनमीटर. एक घनमीटर हवेचं वस्तुमान साधारण १.२ किलोग्रॅम, म्हणजे खोलीत सुमारे ३२ किलोग्रॅम हवा. (खोलीतल्या हवेला बत्तीस किलो वजन असतं हे ऐकूनच वर्गात गलका होतो. होऊ द्यावा.) हवेची विशिष्ट उष्माधारकता साधारण १ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश सेल्सिअस. म्हणजे या हवेचं तापमान १ अंशाने वाढवायला ३२ किलोज्यूल पुरतात.

आता खोलीत काही सर्व्हर ठेवा, एकूण २ किलोवॅट वीज घेणारे. सर्व्हर वजन उचलत नाही, पाणी चढवत नाही. घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. २ किलोवॅट म्हणजे दर सेकंदाला २ किलोज्यूल. ३२ भागिले २, उत्तर १६. एसी बंद पडला तर दर सोळा सेकंदांना एक अंश!

२४ अंशांवरून ४० अंशांवर जायला १६ गुणिले १६, म्हणजे २५६ सेकंद. सव्वाचार मिनिटं. प्रत्यक्षात भिंती, फरशी, लोखंडी रॅक हेही उष्णता पितात, त्यामुळे वेळ यापेक्षा बराच जास्त लागतो. हुशार मुलं हे स्वतःच सांगतात, आणि त्यांना तिथे शाबासकी द्यायलाच हवी. पण गणिताने एक गोष्ट मनावर ठसते: संध्याकाळी कुलूप लावून गेलेला माणूस सकाळी येऊन थर्मामीटर बघेल, तर त्याला जे दिसेल ते फार उशिराचं असेल. रोज सकाळी वहीत तापमान लिहिण्याची पद्धत वाईट नाही, पण रात्रभर त्या खोलीकडे बघणारं काहीतरी हवं.

जाता जाता ‘टन’ या शब्दाचाही उलगडा करून टाकू. दीड टनाचा एसी म्हणजे दीड टन वजनाचा, असं मुलांनाच काय, पुष्कळ मोठ्यांनाही वाटतं. पूर्वी गारव्यासाठी बर्फ वापरत, त्यावरून हे एकक आलं. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलोग्रॅम, शून्य अंशाचा बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी क्षमता म्हणजे १ टन. बर्फाचा अप्रकट उष्मा ३३४ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम घेतला तर गुणाकार येतो सुमारे ३,०३,००० किलोज्यूल. त्याला ८६,४०० सेकंदांनी भागा. साधारण ३.५ किलोवॅट. अप्रकट उष्म्यावर इतकं छान उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. मग मुलं लगेच हिशोब करतात की २ किलोवॅटच्या सर्व्हरला एक टनाचा एसी पुरेल. कागदावर पुरेल. पश्चिमेची भिंत उन्हात असेल, आत माणसं काम करत असतील आणि बाहेर मे महिना असेल, तर नाही. आणि एकच एसी असेल तर तो बिघडल्यावर काय, हाही प्रश्न उरतोच.

तापमान नेमकं कुठलं मोजायचं?

एसीच्या रिमोटवर २२ दिसतं म्हणजे खोली २२ अंशांवर आहे, असं अनेक ठिकाणी धरून चालतात. रिमोटवरचा आकडा म्हणजे आपण मागितलेलं तापमान. मिळालेलं नव्हे!

भिंतीवरचा थर्मामीटरही अर्धंच सांगतो. सर्व्हर समोरून थंड हवा ओढतो आणि मागून गरम हवा सोडतो. रॅकमध्ये मधले कप्पे रिकामे आणि उघडे असतील तर मागची गरम हवा त्या फटीतून पुन्हा पुढे येते आणि सर्व्हर आपलाच उच्छ्वास परत घेतो. त्यातून गरम हवा वर चढते, म्हणून सगळ्यात वरच्या कप्प्यातल्या सर्व्हरची अवस्था बिकट. भिंतीवर २३ आणि वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी ३१, असं सहज होऊ शकतं. त्यामुळे जाणकार लोक सर्व्हरच्या ‘तोंडाशी’, म्हणजे हवा आत जाते तिथे, तापमान मोजतात. तेही रॅकच्या तळाशी, मध्ये आणि वर असं तीन ठिकाणी. रिकाम्या कप्प्यांवर साध्या पत्र्याच्या पट्ट्या लावणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

किती असावं? अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांची ‘आश्रे’ नावाची संस्था आहे, तिची शिफारस जगभर मानतात: आत जाणाऱ्या हवेचं तापमान १८ ते २७ अंश. म्हणजे खोलीत स्वेटर घालून बसावं लागेल इतकी थंडी करायची गरज नाही. १६ वर एसी लावून ठेवणं हा निव्वळ विजेचा अपव्यय आहे, आणि आर्द्रतेच्या दृष्टीने धोकाही.

तो धोका कसा, ते दवबिंदूच्या उदाहरणाने सांगता येतं. कोकणात पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. या हवेचा दवबिंदू येतो सुमारे २४ अंश. म्हणजे २४ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर या हवेतलं पाणी थेंब होऊन बसणार, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बसतं तसंच. आता १६ अंशांच्या खोलीत सुट्टीभर बंद राहिलेला, गार पडलेला सर्व्हर आहे आणि कोणी दार-खिडकी सताड उघडली, तर त्या थेंबांची जागा मदरबोर्डवर असेल. म्हणून खोलीत थर्मामीटरबरोबर आर्द्रतामापकही लागतो. उलट बाजूही आहे. हवा फार कोरडी झाली, की स्थितिक विद्युत वाढते. हिवाळ्यात टेरिकॉटचा शर्ट काढताना चट्चट् ठिणग्या उडतात, तशी एक ठिणगी मेमरीच्या चिपला पुरते.

शाळांसाठी एक जादा मुद्दा. आपल्याकडे सर्व्हर किंवा संगणक कक्षाचं मुख्य यंत्र बऱ्याचदा वर्गाच्या शेजारीच असतं, आणि खडूची भुकटी फार बारीक असते. ती पंख्यात आणि जाळीत बसते, हवा अडते, आणि खोली थंड असूनही यंत्र आतून तापतं.

सर्व्हरच्या पोटातले सेन्सर

खोलीचं झालं. आता प्रत्यक्ष यंत्र. चांगल्या सर्व्हरच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटासा स्वतंत्र संगणक असतो. त्याला बीएमसी म्हणतात. डेलच्या यंत्रांत त्याचं नाव आयड्रॅक, एचपीच्या यंत्रांत आयएलओ. सर्व्हर बंद असला तरी, वायर प्लगमध्ये आहे तोवर, हा जागा असतो. प्रत्येक पंख्याचे फेरे, प्रोसेसरचं तापमान, विजेचा दाब, पॉवर सप्लायची स्थिती, सगळं तो टिपत असतो. दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी लावलेलं मॉनिटर यंत्र असतं ना, तसंच. या सगळ्या नोंदी वाचण्याची आयपीएमआय नावाची एक सामाईक पद्धत १९९८ पासून आहे, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, एकाच ठिकाणी बसून सगळ्यांची विचारपूस करता येते.

म्हणजे यंत्र स्वतः बोलतं. तरीही लोकांना पत्ता का लागत नाही?

याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते मुलांना सायकलवरून समजावता येतं. सायकलला दोन ब्रेक असतात. पुढचा तुटला तरी मागच्यावर काम भागतं, म्हणून आपण दुरुस्ती ‘रविवारी बघू’ म्हणून टाळतो. रविवार येतो, जातो. मग एका उतारावर मागचाही तुटतो. सर्व्हरमध्ये हेच जागोजागी असतं. दोन पॉवर सप्लाय असतात, एक मेला तर दुसरा पूर्ण भार घेतो. पाच-सहा पंख्यांपैकी एक थांबला तर बाकीचे जोरात फिरतात. खोलीत आवाज वाढतो, इतकंच. डिस्कच्या बाबतीत तर ‘रेड’ नावाची खास रचनाच असते. तिच्या पाचव्या प्रकारात डिस्कच्या एका गटातली एक डिस्क पूर्ण गेली तरी सगळी माहिती शाबूत राहते आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. समोर फक्त एक पिवळा-नारिंगी दिवा लागतो. बंद कपाटात लागलेला दिवा कोण बघणार? महिने जातात. दुसरी डिस्क गेली की सगळं संपतं, आणि लोक म्हणतात, “अचानक गेलं हो!” अचानक काही गेलेलं नसतं. जोडीतला पहिला गेला तेव्हाच कोणाला तरी कळायला हवं होतं.

डिस्क आधी सूचना देते का, यावर गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक लाखाहून अधिक डिस्क त्यात होत्या. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या काही नोंदी ठेवते, त्यांना ‘स्मार्ट’ म्हणतात: किती जागा खराब झाल्या, वाचताना किती चुका झाल्या, वगैरे. अभ्यासात दिसलं की तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत, ३९ पट होती. म्हणजे पहिली चूक दिसली की नवी डिस्क मागवायचीच. पण त्याच अभ्यासात दुसरा आकडाही आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कनी या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. नाडी बघून सगळे आजार कळत नाहीत, तसंच हे. म्हणून देखरेख कितीही चांगली असली तरी बॅकअपला पर्याय नाही, आणि तो बॅकअप त्याच खोलीत ठेवलेला असू नये.

मेमरीच्या चुकांबद्दल थोडक्यात. सर्व्हरची मेमरी ‘ईसीसी’ प्रकारची असते. एका बिटची चूक ती स्वतः सुधारते आणि नोंद ठेवते. एखाद्या पट्टीच्या नावावर अशा नोंदी वाढायला लागल्या, की ती बदलायची.

बॅटरी

यूपीएस हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. लाईट गेल्यावरच त्याची आठवण होते, आणि तेव्हा कळतं की बॅटरी दोन मिनिटांत बसली. साध्या बंदिस्त लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या आसपास साधारण तीन ते पाच वर्षं धरतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य ढोबळमानाने निम्मं. जिन्याखाली कोंदट जागेत ३५ अंशांत ठेवलेली बॅटरी म्हणूनच दोन वर्षांत दगा देते, आणि दोष मात्र कंपनीला जातो. बॅटरी फुगलेली दिसली, वास आला, तर ती ताबडतोब तंत्रज्ञाकडून काढून घ्यायची. तिथे ‘बघू’ चालत नाही.

बॅटरी किती महागात पडते, याचं मोठं उदाहरण दक्षिण कोरियातलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. त्या बॅटऱ्या दहा वर्षांहून जुन्या होत्या. ७०९ सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं साठवणारी एक प्रणाली, सुमारे ८५८ टेराबाइट माहितीसह, नष्ट झाली. तिची दुसरीकडे प्रतच नव्हती. संगणकाच्या बाबतीत जगात आघाडीवर असलेल्या देशात हे झालं.

निरोप कोणाकडे जातो?

सेन्सर लावले, नोंदी सुरू झाल्या. आता खरा प्रश्न. रात्री अडीच वाजता तापमान ३३ झालं, तर पुढे काय होतं?

यासाठी झॅबिक्स, नॅगिओस अशी मोफत सॉफ्टवेअर आहेत. ती दर मिनिटाला सगळीकडून आकडे गोळा करतात, आलेख काढतात आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की निरोप पाठवतात. बसवणं अवघड नाही, एखादा चुणचुणीत डिप्लोमाचा विद्यार्थीही बसवून देईल. अवघड आहे ते मर्यादा ठरवणं आणि निरोप पोचवणं.

मर्यादा फार खाली ठेवली तर दार उघडलं तरी फोन वाजतो. दिवसाला चाळीस निरोप आले की माणूस ते बघणं सोडून देतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो, पण ती या विषयावरचीही गोष्ट आहे. म्हणून दोन पायऱ्या ठेवतात. तापमान २७ च्या वर सलग पाच मिनिटं राहिलं तर साधी सूचना, ती सकाळी वाचली तरी चालेल. ३२ च्या वर गेलं तर फोन वाजलाच पाहिजे, आणि एकाने उचलला नाही तर दुसऱ्याचा.

निरोप जाण्याची वाटही तपासून घ्यावी. तापलेल्या सर्व्हरवरूनच ईमेल जाणार असेल, तर सर्व्हर पडला की ईमेलही पडला. खोलीची वीज गेली की राउटर बंद, मग निरोप कसा जाणार? म्हणून सिमकार्डवर चालणारं, स्वतःची बॅटरी असलेलं छोटं यंत्र वेगळं लावतात. आणखी एक युक्ती मला फार आवडते. खोलीतून दर दहा मिनिटांनी ‘मी ठीक आहे’ असा संदेश बाहेरच्या एखाद्या संगणकाकडे जात राहतो, आणि तो आला नाही तर बाहेरचा संगणक बोंब मारतो. गावाला गेलेलं पोर पोचल्याचा फोन करत नाही तेव्हा आई जशी काळजीत पडते, अगदी तसं.

आणि हे सगळं सत्रातून एकदा तरी मुद्दाम तपासायचं. सेन्सर मुठीत धरा, शरीराच्या उबेने तो ३२ च्या पुढे सहज जातो. मग बघा कोणाचा फोन वाजतो. बदली होऊन गेलेल्या सरांचा वाजला, तर काय करायचं ते तुम्हाला कळेलच.

वर्गात आणि घरी

ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे तिथे हा उपक्रम सहज होतो. आर्डुइनो आणि तापमान-आर्द्रतेचा डीएचटी २२ सेन्सर घ्या. डीएचटी ११ स्वस्त मिळतो, पण त्यात दोन अंशांपर्यंत चूक येऊ शकते. २२ मध्ये अर्ध्या अंशाच्या आसपास. मुलांनी संगणक कक्षातल्या यंत्राच्या पुढे आणि मागे असे दोन सेन्सर ठेवून आठवडाभर दर पाच मिनिटांनी नोंद घ्यावी आणि आलेख काढावा. शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंतचा भाग नीट बघायला सांगा, सगळी गंमत तिथे असते. सेन्सर नसेल तर दोन थर्मामीटर आणि एक ओलं फडकं पुरेल. ओल्या आणि कोरड्या फुग्याच्या तापमानातल्या फरकावरून आर्द्रता काढता येते.

मुलांनी यूपीएस, पॉवर सप्लाय किंवा एसीचं युनिट उघडायचं नाही, ही सूचना उपक्रमाच्या आधी द्यावी, नंतर नव्हे. वीज बंद केल्यावरही आत धोकादायक दाब शिल्लक असू शकतो.

पालकहो, तुमच्या घरच्या संगणकालाही डिस्क आहे, आणि त्यात लग्नाचे, बारशाचे फोटो आहेत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि डिस्कची प्रकृती रंगात दाखवतं. पिवळा दिसला तर त्याच दिवशी फोटोंची दुसरी प्रत काढा. मुलांकडूनच करून घ्या, त्यांना पाच मिनिटं लागतील. शाळेच्या पालकसभेतही एक प्रश्न जरूर विचारा: आमच्या मुलांच्या नोंदी ज्या यंत्रात आहेत, त्याचा बॅकअप कुठे असतो आणि तो उघडून शेवटचा कधी बघितला?

स्वाध्याय

१) एका खोलीची लांबी ४ मीटर, रुंदी ३ मीटर आणि उंची ३ मीटर आहे. आत ३ किलोवॅटचे सर्व्हर आहेत. एसी बंद पडल्यास फक्त हवा तापते असे मानून तापमान १० अंशांनी वाढायला किती वेळ लागेल? (उत्तर: सुमारे १४४ सेकंद)

२) वरील उत्तरापेक्षा प्रत्यक्षात जास्त वेळ का लागतो? कोणकोणत्या वस्तू उष्णता शोषतील त्यांची यादी करा.

३) पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर आल्यावर चष्म्याच्या काचा धुरकट होतात आणि हिवाळ्यात तितक्या होत नाहीत. दवबिंदूच्या आधारे कारण सांगा.

४) तुमच्या घरात किंवा शाळेत ‘दोनपैकी एक बिघडलं तरी चालतं’ अशा वस्तू शोधा. त्यातली एखादी सध्या एकावरच चालू आहे का, ते तपासून या.